पश्चिमेच्या भिंतीपाशी

आमच्या घराण्याच्या कब्रस्तानाचा नकाशा मी काढला, आणि त्या कब्रस्तानात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. दर्ग्यात जातात, तिथंही कबरच असते, पण ते चालतं. ते का चालतं, असं मी लग्नानंतर एकदा सासऱ्यांना विचारलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता "दुल्हन, चहा ठेवा" एवढंच सांगितलं, आणि मी चहा ठेवला.

'दुल्हन' हे अजून चालू आहे. मला निवृत्त होऊन वर्षं झाली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी या घरात मी दुल्हनच.

कब्रस्तान आमच्या घराच्या मागं, दक्षिणेला. जुन्या शहराच्या दरवाजाबाहेरचा हा भाग एकेकाळी बागांचा होता म्हणतात. घराण्याचा मूळपुरुष निजामाच्याही आधी कुठल्याशा मनसबीवर इथं आला, अशी घरात समजूत आहे. कागद कुणी पाहिलेला नाही, पण कबर आहे. काळ्या दगडाची, कडेनं पाकळ्या कोरलेली. तिच्याभोवती मग त्याची लेकरं, नातवंडं, सुना, जावई, आणि कोण कुणाचं हे कुणालाच आठवत नाही अशी बरीच मंडळी. आमच्या गच्चीवरून यातलं निम्मं दिसतं. कुरडया वाळत घालताना, गहू निवडताना मी वर्षानुवर्षं ते वरून बघत आले आहे. भावना वगैरे काही नव्हती. शेजारच्या वाण्याचं गोदाम दिसावं तसं ते दिसायचं.

मी मूळची सिल्लोडची. मराठी शाळेत शिकले, पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून बाहेर पडले. धरणं, कालवे, चाऱ्या, पूल असं काय काय कागदावर काढलं, आणि त्यातलं फारच थोडं डोळ्यांनी पाहिलं. साहेब साइटवर जायचे, मोजमापं आणायचे, मी काढायचे. त्यामुळं न पाहिलेल्या जागेचा नकाशा काढायला सांगितल्यावर मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझा ड्रॉइंग बोर्ड पलंगामागं उभा होता आणि त्यावर ओढण्या वाळत होत्या.

हे सगळं भाईजानच्या डोक्यातून निघालं. भाईजान म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ. कापडाचं दुकान आता मुलांकडे दिलेलं, आणि घराण्याचा कारभार, म्हणजे लग्नं, मय्यती, भांडणं, हे सगळं स्वतःकडे ठेवलेलं. मागच्या पावसाळ्यात कब्रस्तानाची पश्चिमेकडची भिंत मधेच ढासळली. त्या बाजूला रस्ता आहे. पडलेल्या भगदाडातून आधी कचरा आत आला, मग तिथं रिक्षा लागायला लागल्या, मग एकानं पाणीपुरीची गाडी उभी केली. पाठोपाठ महापालिकेची माणसं आली आणि म्हणाली, रस्ता रुंद करायचाच आहे. तुम्ही भिंतीलगतची पट्टी सोडा, नवी भिंत आम्ही आत घेऊन बांधून देतो. भाईजानना हा सौदा पटला. पश्चिमेच्या पट्टीत कुणी नाही, मोकळीच आहे, असं त्यांचं म्हणणं. फक्त ती मोकळी आहे हे कागदावर दाखवायला हवं होतं.

त्याच सुमारास जुन्या वास्तूंचे फोटो काढत हिंडणारी काही तरुण मंडळी त्यांना भेटली होती. त्यांच्याकडून भाईजान एक शब्द शिकून आले होते.

"दुल्हन, डॉक्युमेंटेशन करना है," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "हर कबर का फोटो, हर कबर का नंबर, और पूरा नक्शा. नक्शा तुम बनाओ. घर में आर्टिस्ट है तो बाहर कायको देना?"

मी आर्टिस्ट नाही, आरेखक आहे, हे मी त्यांना चाळीसेक वर्षं सांगते आहे.

डॉक्युमेंटेशनच्या आधी त्यांनी साफसफाई केली. शबे-बरातच्या, म्हणजे मयतांसाठी दुआ मागायच्या रात्रीच्या, आधी दरवर्षी घराण्यातले पुरुष कबरी झाडून घेतात, चुना लावतात, अगरबत्त्या लावतात. ते पुण्याचं काम, आणि भाईजान पुण्याचं काम कधी अर्धवट करत नाहीत. या वेळी फोटो निघायचे म्हणून त्यांनी माणसं लावून बाभळी तोडल्या, गवत काढलं, आणि इकडंतिकडं पडलेले सगळे सुटे दगड उचलून भगदाडात रचले. दोन कामं एका दमात. मग मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, 'देखो कित्ता साफ कर दिए.' खरंच साफ दिसत होतं. मीही अंगठा पाठवला.

मग मोजणी. मी घरात बोर्डापाशी, माझा नवरा आणि भाईजान आत टेप घेऊन, मध्ये फोन. गेटच्या उजव्या खांबाला शून्य धरायचं, तिथून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ रेघ मानायची आणि तिच्यापासून प्रत्येक कबरीचे कोपरे मोजायचे, असं मी त्यांना चहा पाजून, कागदावर काढून, पुन्हा एकदा चहा पाजून समजावलं होतं. ते आकडे सांगत गेले, मी मांडत गेले. तीन दिवसांनी बघते तर माझ्या कागदावर एक मोठी चाची आपल्या दिराच्या अंगावर आडवी झालेली, आणि मूळपुरुष भिंत ओलांडून निम्मे रस्त्यावर. ओळी नागमोडी. आकडे तपासले, बेरजा तपासल्या, नवऱ्याला दोनदा वाचून दाखवायला लावलं. आकडे बरोबर होते.

शेवटी मी गच्चीवर जाऊन नुसतं बघत उभी राहिले, तेव्हा उलगडा झाला. कबर ओलांडायची नाही, कबरीवर काही टाकायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. माझा नवरा आणि भाईजान टेप घेऊन प्रत्येक कबरीला अदबीनं वळसा घालत होते. टेपही त्यांच्याबरोबर वळसा घालत होती. मयताचा मान राखला जात होता आणि माझं प्रत्येक माप फुगत होतं.

"अहो, टेप वरून न्या, डोक्याच्या उंचीवरून!" मी गच्चीवरून ओरडले. "कुणाला लागणार नाही."

"आहिस्ता बोलो," नवरा फोनवर म्हणाला. "लोक बघतायत."

माझी फार चिडचिड झाली. खात्यात असं काम आणलं असतं तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. पण पुन्हा मोजलं. या वेळी दोघांनी हात वर करून टेप ताणली आणि मंडळी आपापल्या जागी येऊन निजली.

नकाशा भरत गेला तसं मला त्यात गोडी वाटायला लागली. आमच्याकडच्या जुन्या कबरींवर एक खूण असते. पुरुषाच्या कबरीवर मधोमध लांबट उंचवटा, त्याला कलमदान म्हणतात. बाईच्या कबरीवर सपाट पाटी, तख्ती. म्हणजे बाई कोरी पाटी आणि पुरुष लेखणी. लिहिणार कोण हे मेल्यावरही ठरलेलं. नकाशात दोन्हींसाठी वेगळी चिन्हं करताना मला हसू येत होतं, कारण सध्या लेखणी माझ्याकडे होती. तख्त्या मी जरा ठळकच काढल्या.

सगळ्या कबरी उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे म्हणजे मक्केकडे. ओळीही बऱ्यापैकी सरळ. एकच कबर ओळ सोडून होती, सगळ्यांपासून लांब, पश्चिमेच्या भिंतीकडे एकटी. ती माझ्या सासऱ्यांची. आजारात त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला भिंतीपाशी लिंबाच्या बाजूला ठेवा, तिथं दुपारी सावली असते. वडिलांशेजारची जागा त्यांच्यासाठी राखलेली होती, भाईजान बरेच बोलले, पण सासरे हलले नाहीत. उन्हाचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता, हे खरं. पुढं तो घराण्यातला विनोदच झाला. ईदला सगळे जमले की कुणीतरी म्हणायचंच, अब्बांना कूलर लावून द्यायचा राहिला. आम्ही सगळे हसायचो, मीही.

नकाशा शाईनं पक्का केला तो एका बुधवारी. शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, भाईजान तो घेऊन महापालिकेत जाणार होते. मी कागद दिवाणावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि सासूबाईंना बोलावलं.

आमच्या अम्मी सोयगावकडच्या एका खेड्यातल्या. घरात सगळे उर्दू बोलतात, आपापल्या परीनं शुद्ध, आणि नवरा माझ्याशी अर्धं मराठी. आम्ही दोघी एकट्या असलो की मराठी. मी नवी आले तेव्हा त्यांनी चुलीपाशी हळूच विचारलं होतं, "मराठी येतं का गं तुला?" आणि येतं म्हटल्यावर पाहुणा गेल्यावर पाय पसरावेत तशा त्या बसल्या होत्या. तेव्हापासून आमची ही सोय आहे.

अम्मींनी चष्मा लावला. मी दाखवत गेले. हे गेट, हे दादापरदादा, ही तुमची सासू, हे अब्बा. त्या मान हलवत राहिल्या. मग सगळा कागद झाला तेव्हा म्हणाल्या, "आणि माझं लेकरू कुठं हाय?"

मला कळेना. माझा नवरा थोरला, त्याच्या पाठचे दोघं धडधाकट आहेत.

"ह्याच्या आधीची," त्या म्हणाल्या. "पोरगी झाली व्हती. दात याच्या आधीच गेली."

एक मूल गेलं होतं असं काही तरी मी पुसट ऐकलेलं होतं, पण कुणी त्यावर बोलत नसे आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी नवऱ्याला हाक मारली. त्यालाही माहीत नव्हतं कुठं ते. भाईजानना फोन केला. ते तेव्हा शाळेत होते, त्यांना आठवेना. "छोटे बच्चों की कच्ची कबर रहती, दुल्हन. दो पत्थर रखते, सिरहाने एक, पैताने एक. बस."

"मग ते दगड कुठं आहेत?" मी विचारलं.

ते दगड भगदाडात होते. एकावर एक, नीट रचलेले.

मला फार राग आला. त्यांच्यापेक्षाही माझा अंगठा अजून त्या फोटोखाली दिसत होता त्याचा. पण अम्मींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी कागदावरची पश्चिमेची पट्टी बोटानं दाखवली. ती मी भाईजाननी सांगितल्याप्रमाणे कोरी ठेवली होती आणि तिच्यावर 'मोकळी जागा' असं माझ्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं.

"ती हिकडंच कुठंतरी हाय. रस्त्याच्या कडंला," त्या म्हणाल्या. "म्या गच्चीवरून बघितलं व्हतं. आता ह्येच्यावरनं गाड्या जाणार व्हय?" आणि मग थोड्या वेळानं, "मला तिच्यापशी ठेवा म्हणून सांगणार व्हते म्या तुला. कधी तरी सांगू म्हणत राहिले."

त्या रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. त्या नुसत्या बोट ठेवून बसल्या होत्या. मी वाट्या उचलल्या आणि कागद गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवऱ्यानं अम्मींना धरून धरून गच्चीवर नेलं. त्या कित्येक वर्षांत वर आल्या नव्हत्या. जिन्याच्या दारात त्या थांबल्या. "हितंच उभी व्हते. भाईर याला मनाई व्हती मला, बाळंतपणाचं अंग. हे हातांवर घेऊन गेले तिला. लहान लेकराला जनाज्याची खाट नसती ना. ह्यांची टोपी दिसत व्हती, आणि चार माणसं. मशिदीच्या मिनाराच्या अगदी खाली." समोर, कब्रस्तानाच्या पलीकडे, तो मिनार अजून तसाच आहे, फक्त त्याला आता हिरवे दिवे लावलेत.

हे मला पुरेसं होतं, आणि नव्हतंही. दारातून मिनाराकडं एक रेघ जाते. लेकरू त्या रेघेवर कुठंतरी होतं. पण रेघ म्हणजे जागा नव्हे. दुसरी रेघ हवी होती, दुसरीकडून कुणीतरी बघितलेली. त्या दिवशी आत असलेले पुरुष सगळे आता तिथंच कायमचे आत होते, त्यामुळं बघणारी बाईच असणार होती.

कब्रस्तानाच्या पूर्वेला फुफींचं घर. फुफी म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, अम्मींची नणंद, गल्लीतच दिलेली. दोघी एकमेकींकडे ईदला जातात, शीरखुर्म्यात साखर कमी आहे असं एकमेकींना सांगतात आणि परत येतात. मी गेले आणि सरळ विचारलं. फुफींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"भाभी ने भेजा क्या?"

"नाही. मी आलेय."

"मैं बावर्चीखाने की खिड़की में खड़ी थी," त्या म्हणाल्या. "भाई आगे चल रहे थे, हाथां पे लेको. रोड के उस तरफ की कमान है ना, उसके बराबर सामने बैठ गए. मिट्टी उनोच डाले, किसी को हाथ नक्को लगाने दिए." मग म्हणाल्या, "भाभी को मैं कभी बोली नहीं. क्या बोलती?"

ते स्वयंपाकघर आता न्हाणीघर झालं आहे आणि खिडकी वर गेली आहे. पालथ्या बादलीवर उभी राहून, एका हातानं शॉवरचा नळ धरून, मी रस्त्यापलीकडची दगडी कमान बघितली. तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता, पण कमानीचा कळस वर दिसत होता. खात्यात मी कधी बादलीवरून काम केलं नव्हतं.

माझा नवरा आत गेला. त्याच्या हातात लांब बांबू, शेंड्याला माझी लाल ओढणी, कारण लिंब आता एवढा वाढलाय की त्याच्या आड माणूस दिसत नाही. मी न्हाणीघरातून फोनवर सांगत गेले, डावीकडं, अजून, पुरे. ओढणी कमानीच्या बरोबर खाली आली तिथं त्यानं पश्चिमेच्या भिंतीवर चुन्याची खूण केली. मग मी घरी येऊन गच्ची चढले. जिन्याच्या दाराच्या चौकटीला दोऱ्यानं कुलूप टांगलं, तो माझा ओळंबा. दोरा मिनारावर धरला. अम्मी माझ्या शेजारी खुर्चीत.

"आता भिंतीवरच्या खुणेपासून सरळ फुफींच्या खिडकीकडं चालत या," मी नवऱ्याला सांगितलं. "सावकाश."

ओढणी फांद्यांच्या वर हलायला लागली. अम्मी खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. ओढणी थोडीशीच सरकली आणि दोऱ्याच्या मागं गेली.

"बस्स," अम्मी म्हणाल्या. माझ्या आधी.

दोन रेषा कुठं तरी मिळतातच. त्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे मला नोकरीत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दोन म्हाताऱ्या बायकांची आठवण, तीही इतक्या जुन्या दिवसाची. फुफी म्हणत होत्या असरनंतरची, दिवस कलतानाची वेळ, अम्मी म्हणत होत्या सकाळची. त्यावर दोघींचं अजून जमलेलं नाही. ताळा पाहायला तिसरी रेघ लागते आणि तिसरं कुणी उरलं नव्हतं. मी हे अम्मींना कसं सांगायचं याचा विचार करत होते, एवढ्यात फोनवर नवऱ्याचा आवाज आला. तो दबला होता.

"मी अब्बांच्या शेजारी उभा आहे," तो म्हणाला. "अब्बांच्या आणि भिंतीच्या मध्ये. बसलो तर अब्बांच्या कबरीला हात लागेल."

सासऱ्यांची ती ओळ सोडून असलेली कबर मी स्वतःच्या हातानं कागदावर काढली होती. तिच्या जागेचं कारणही मला ठाऊक होतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्ही त्यावर दर ईदला हसत होतो. तिसरी रेघ त्यांनीच मारून ठेवली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोरा दिसेनासा झाला.

अम्मींना मी सांगितलं. त्यांना वाईट वाटेल किंवा बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या भडकल्या.

"मला म्हणले, अल्लाकडं हाय ती, जागा इचारून काय करतीस! लई येळा इचारलं म्या, येकदा बी नाय सांगितलं. आणि सोता जाऊन बसले!" त्यांचा आवाज चढला. "सावली पाह्यजे म्हणे. सावली!"

खालून नवरा विचारत होता की बांबू काढू का. अम्मी म्हणाल्या, राहू दे. तो बांबू माझ्या ओढणीसकट संध्याकाळपर्यंत तिथं होता.

दुपारी भाईजान आले. ते सोफ्यावर बसले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "भगदाड के पत्थर वापस रख देता मैं. मगर कौनसा कहाँ का..." मग माझ्याकडे वळले, "वो मोकळी जागा मत लिखो, दुल्हन." ते एरवी फार बोलतात, म्हणून मला ते फारसे आवडत नसत. त्या दिवशी मी त्यांना खुर्ची दिली आणि चहा ठेवला.

ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडून काढावी लागते. कागद फाटू न देता ते करणं ही आमची कारागिरी. 'मोकळी जागा' मी खरवडली. त्या सबंध पट्टीला बारीक तिरप्या रेघा मारल्या आणि लिहिलं, 'येथे निशाणी नसलेल्या कबरी आहेत.' आमचीच काय, आणखी कुणाकुणाची लेकरं तिथं असणार. खाली शहराचं नाव लिहायचं होतं. नाव बदलल्यापासून घरात कुणी काही म्हणतं, कुणी काही. मी सरकारी नोकरी केलेली, राजपत्रात आहे ते लिहिलं. मग सासऱ्यांच्या कबरीच्या पश्चिमेला, नखाएवढी एक लहानशी चौकट काढली आणि तिच्यात, चांगली ठळक, तख्ती.

शुक्रवारी भाईजान नकाशा देऊन आले. पट्टी द्यायची नाही असं सांगितल्यावर तिथल्या माणसानं 'बघू' म्हटलं. त्यानंतर एकदा दोघं जण येऊन रस्त्यावर लाल रंगाच्या खुणा करून गेले आहेत. भगदाड आहे तसंच आहे, पाणीपुरीची गाडी थोडी पुढं सरकली आहे.

घरी नकाशाची एक प्रत राहिली. अम्मी ती अधूनमधून मागून घेतात. परवा दुपारी त्यांनी ती मांडीवर घेतली, सासऱ्यांवर एक बोट ठेवलं, पोरीवर एक, आणि मग तिच्यापलीकडं, भिंतीच्या अलीकडं, तिसरं.

"लेकराला मधी निजवतेत," त्या म्हणाल्या. "ते तिकडून, म्या हिकडून. मला पुरंल का गं एवढी जागा?"

मी पट्टी लावून पाहिलं. पोर आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा होती, अंग चोरून निजणाऱ्या माणसापुरती. आमच्या कामात जे आहे ते सलग रेघेनं काढतात आणि जे व्हायचं आहे ते तुटक रेघेनं. मी पेन्सिल घेऊन तिथं तुटक चौकट काढली.

"पुरेल," मी म्हटलं. "भिंत आहे तिथं राहिली तर."

अम्मींनी चष्मा काढला, कागद गुंडाळून माझ्या हातात दिला.

"मंग ती भित हलू देऊ नको," त्या म्हणाल्या.